सांदवाडीतलं शेडनेट : आधी पाया, मग जाळी



या हिवाळ्यात शहापूर आणि आजूबाजूच्या गावांत बैठकीला गेले की वसुली आणि ठराव आटोपल्यावर एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, ते शेडनेटचं किट घ्यावं का? गटातून कर्ज उचलू का?" कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाच्या दारात विक्रेता रंगीत कागद देऊन गेलेला असतो. पाच मिनिटांत उत्तर देण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून या अंकात सविस्तर लिहिते आहे.

प्रश्न खरा आहे. उमेदच्या 'माझी पोषण परसबाग' मोहिमेत आपण हौसेने वाफे केले. पावसाळ्यात, हिवाळ्यात भाजी खाल्ली. पण मार्च संपता संपता मेथी करपली, सांबार उगवलाच नाही, आणि जे वाचलं ते शेळ्या-कोंबड्यांनी नेलं. नेमकी ज्या दिवसांत बाजारात भाजी महाग, त्याच दिवसांत आपली सांदवाडी रिकामी. सावलीची जाळी असेल तर हे दिवस बरेचसे भरून निघतात.

माझं उत्तर थोडक्यात असं : घ्या, पण तीन गोष्टी पाळून. प्लास्टिकचं नको, जाळीचं घ्या. पाया पक्का केल्याशिवाय जाळी चढवू नका. आणि कर्जाचा हप्ता पिकाच्या चालीने ठरवा, विक्रेत्याच्या बोलण्याने नाही.

प्लास्टिक का नको?

हरितगृह ही मुळात थंड मुलखातली युक्ती. काचेतून किंवा प्लास्टिकमधून ऊन आत येतं, पण आतली गरम हवा बाहेर जात नाही. बाहेर गारठा असला तरी आत रोप उबेत राहतं. पुण्याकडे मावळात अशा प्लास्टिकच्या घरांत गुलाब पिकवतात. तिथली हवा थंड आहे, आणि तरीही गरम हवा निघायला वरून वाट ठेवावी लागते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत बसून पाहा, मग प्लास्टिकच्या छोट्या घरात रोपाचं काय होईल ते कळेल. आपल्याला ऊब अडवायची नाही, ऊन गाळायचं आहे. त्यासाठी शेडनेट, म्हणजे आपण म्हणतो ती हिरवी जाळी. हवा खेळती राहते, ऊन अर्धं होतं.

जाळीवर ३५, ५०, ७५, ९० असे आकडे असतात. तेवढे टक्के ऊन ती अडवते. भाजीपाल्यासाठी ५० टक्क्यांची जाळी घ्या. "जास्त सावली म्हणजे जास्त चांगलं" म्हणून ७५ची घेतली, तर उन्हाळ्यात बरं वाटेल, पण ढगाळ पावसाळ्यात रोपं उजेडासाठी लांबुडकी होतील आणि आडवी पडतील. जाळी 'यूव्ही' प्रक्रिया केलेली आहे का ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. अशी जाळी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. साधी जाळी दोन उन्हाळ्यांतच हाताने फाटायला लागते.

माप कोणतं?

किटं वेगवेगळ्या मापात येतात. घरापुरतं आणि थोडं विकण्यापुरतं म्हटलं तर ९ फूट रुंद आणि १८ फूट लांब पुरतं. हेच माप का? जाळीच्या थानाचा पन्हा बहुतेक ३ मीटरचा, म्हणजे १० फुटांना थोडा कमी असतो. दोन पन्हे शेजारी टाकून मध्ये एक फूट एकावर एक घेतला की १८ फूट बरोबर झाकले जातात. समोरची आणि मागची बाजू ९ फुटांची, ती एकाच पन्ह्यात बसते. साडीच्या पन्ह्यासारखाच हा हिशोब आहे, वाया काही जात नाही.

बाजूची उंची ६ फूट आणि मधली ८ फूट धरली, तर सगळी मिळून साधारण २२ मीटर जाळी लागते. ५० मीटरच्या एका थानातून दोन ताईंचं काम होतं आणि ठिगळांपुरतं उरतं. सुटी जाळी घेणार असाल तर दोघींनी मिळून थान घ्या.

जागा पाहताना

- दिवसातून सहा तास तरी ऊन येईल अशी जागा हवी. आंब्या-चिंचेखाली नको, सावलीवर सावली होईल.
- पावसाचं पाणी साचत नाही ना, ते मागच्या पावसाळ्यात काय झालं होतं ते आठवून ठरवा.
- वावधन ज्या बाजूने येतं, त्या बाजूला घराची अरुंद बाजू ठेवा.
- वरून विजेची तार जात असेल तर ती जागा सोडून द्या. पाइप लोखंडी आहेत आणि उभे करताना हातात असतात. इथे "काही होत नाही" चालणार नाही.
- सांदवाडी सामाईक असेल तर सासूबाई, दीर-जाऊ यांच्याशी आधी बोला. सिमेंटचे खड्डे भरल्यावर वाद झाला, तर पाइपही उपटता येत नाहीत.

किट आलं की आधी मोजा

गाडीवाला उभा असतानाच यादी काढा आणि एकेक वस्तू मोजून घ्या. ९ बाय १८च्या घरात साडेचार फुटांवर एक अशा पाच कमानी येतात. म्हणजे जमिनीत गाडायचे १० पाइप, त्यांवर चढणारे १० खांब, ५ कमानी, लांबीने कमानी जोडणारे आडवे पाइप, जोड, नट-बोल्ट, जाळी धरायच्या क्लिपा किंवा खाचदार पट्टी आणि तिच्यात बसणारी नागमोडी तार, आणि दरवाजा. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे जीआयचा हवा. नुसता रंग दिलेला असेल तर पहिल्याच पावसाळ्यात जोडांपाशी गंज धरतो.

घरून लागतील त्या वस्तू : सब्बल, फावडं, घमेलं, मोजपट्टी, सुतळी, आठ-दहा खुंट्या, पाने, ओळंबा आणि एक पक्की शिडी.

आखणी : इथे घाई नको

आखणी तिरपी झाली की पुढे कमान बसत नाही, मग आपण ती ठोकून वाकवतो आणि सगळं बिघडतं. काटकोन काढायची गवंड्याची रीत सोपी आहे. कोपऱ्यातून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजा. त्या दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर ५ फूट आलं की काटकोन झाला.

चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा. ९ बाय १८ला दोन्ही कर्ण २० फूट दीड इंच आले पाहिजेत. एक जास्त, एक कमी आला तर खुंट्या सरकवा. सुतळी ताणून कडेने साडेचार फुटांवर खुणा करा. एका बाजूला पाच, समोर पाच.

पाया : माझी फजिती आधी सांगते

माझं पहिलं शेडनेट मी इथे नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी उभं केलं, एका गटाच्या प्रात्यक्षिकासाठी. एमएसडब्ल्यू झालेली मी, कागद वाचून सगळं येतं असं वाटायचं. खड्डे झाले, सिमेंट भरलं, आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. फोटोत हिरवी जाळी दिसली पाहिजे म्हणून मी त्याच दिवशी संध्याकाळी जाळी चढवून घेतली. गटातल्या एक वयस्कर ताई म्हणाल्या, "पोरी, मांडवालाही एक रात्र मुरू देतात." मी हसून सोडून दिलं.

एप्रिल होता. रात्री वावधन सुटलं. ओल्या सिमेंटमधून सहा पाइप मुळासकट निघाले आणि अख्खं घर शेजाऱ्यांच्या टिनावर जाऊन पडलं. कुणाला लागलं नाही हे नशीब. टिनाचे पैसे मी पगारातून दिले, पण गटाच्या बायकांचे दोन दिवस गेले ते मी देऊ शकले नाही. तेव्हापासून मी एकच वाक्य घोकते : जाळी म्हणजे शीड आहे. हवेला ती जितकी अडवते तितकी पायाला ओढते.

म्हणून :

- खड्डा ९ इंच लांब-रुंद आणि दीड फूट खोल घ्या. काळी भेगाळणारी जमीन असेल तर दोन फूट.
- गाडायच्या पाइपाच्या तळाला आडवा खिळा किंवा सळईचा तुकडा घाला, म्हणजे तो सिमेंटमधून सरळ निघून येत नाही.
- एक घमेलं सिमेंट, दोन घमेली रेती, चार घमेली गिट्टी. दीड फुटाच्या दहा खड्ड्यांना साधारण दीड पोतं सिमेंट लागतं.
- पाइप ओळंब्याने सरळ धरा. सगळ्यांची वरची टोकं एका पातळीत आहेत का ते पाण्याच्या नळीने पाहा.
- सात दिवस पाणी मारा आणि पाइपांना हात लावू नका. पाहुणे येवोत, नाहीतर लग्न असो.

सांगाडा आणि जाळी

आठव्या दिवशी पाच जणी मिळून सकाळी लागलात तर संध्याकाळपर्यंत काम होतं. आधी खांब, मग कमानी, मग लांबीचे आडवे पाइप. नट-बोल्ट पहिल्यांदा हलकेच आवळा. सगळा सांगाडा उभा राहिला, नजरेने सरळ दिसला, की मगच पक्के आवळा. शेवटी चारही कोपऱ्यांना तिरपे आधार द्या. किटमध्ये ते नसतील तर वेगळे मागा, त्यांच्याशिवाय घर डुलतं.

लोखंड उन्हात तापतं आणि जिथे टेकतं तिथे जाळी लवकर कुजते. कमानींवर जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळा, जाळीचं आयुष्य वाढतं. टोचणारी टोकंही कापडाने बांधा.

जाळी सकाळी, वारा नसताना चढवा. ती आडवी, एका बाजूच्या जमिनीपासून कमानीवरून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत टाका. खालची एक-एक फूट मातीत पुरा, म्हणजे कोंबड्या शिरत नाहीत. खूप ताणू नका आणि झोळही राहू देऊ नका. झोळात पाला आणि पाणी साचतं, मग तिथेच फाटतं. बाजूंची जाळी वर गुंडाळता येईल अशी बांधा, हिवाळ्यात आणि ढगाळ दिवसांत ती उघडायची आहे. दाराला आतून जाळीचाच एक पडदा लावा.

एक खरं सांगून ठेवते. शेळ्या-कोंबड्या थांबतात, पण माकडाने छतावर उडी मारली तर जाळी टिकत नाही. माकडांचा त्रास असलेल्या गावांत हे धरूनच ठरवा.

आतली मांडणी

९ फुटांत ३ फुटांचे दोन वाफे आणि मध्ये २ फुटांची वाट येते, कडेला अर्धा-अर्धा फूट सुटतो. ३ फुटांपेक्षा रुंद वाफा करू नका, बसून हात पोचत नाही. वाफे अर्धा ते एक फूट उंच ठेवा. जाळी पाऊस थांबवत नाही, फक्त थेंब बारीक करते, त्यामुळे पावसाळ्यात पाणी निघून जायला वाट हवीच. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत भरपूर मिसळा. कच्चं शेण घातलंत तर हुमणी आणि वाळवी तुम्हीच आत आणाल.

पाण्यासाठी २०० लिटरचा ड्रम तीन-चार फूट उंच ओट्यावर ठेवा, खाली गाळणी आणि ठिबकची नळी. पंप लागत नाही. रोवणीच्या दिवसांत आपण सकाळी बांधीत जातो ते संध्याकाळी परततो, त्या दिवसांत भाजीला पाणी घालणारं कुणी नसतं. तेव्हा तोटी उघडून ठेवली की काम होतं.

वाफ्याच्या एका टोकाला रोपांच्या ट्रेंसाठी बांबूचा माच करा. ९८ खणांचा ट्रे सगळीकडे मिळतो, एका ट्रेला साधारण सव्वा किलो कोकोपीट लागतं.

काय लावायचं, काय नाही

उन्हाळ्यात पालेभाज्या : मेथी, पालक, सांबार, चुका, अंबाडी. मे अखेरीस पावसाळी वांगी, मिरची, टमाटरची रोपं. पावसाळा संपताना हिवाळी रोपं, त्यात कोबी-फुलकोबीही आली.

रोपं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. धानाचे पऱ्हे टाकतो आणि मग रोवणी करतो, तेच हे छोट्या खणात. टमाटर, वांगी साधारण चार आठवड्यांत तयार होतात, मिरचीला पाच-सहा लागतात. एक गोष्ट मात्र वेगळी. सावलीत वाढलेलं रोप एकदम उन्हात लावलं तर माना टाकतं. लावण्याआधी आठवडाभर पाणी थोडं कमी करा, ट्रे रोज थोडा वेळ बाहेर उन्हात ठेवा, वेळ वाढवत न्या. असं रोप विकलंत तर गिऱ्हाईक परत येतं. नाहीतर "तुमची रोपं मेली" म्हणत येतं.

आत लावू नये ते : दोडका, कारलं, भोपळा, काकडी. यांच्या नर फुलातला पराग मादी फुलावर मधमाशी नेते, आणि जाळीत माशी येत नाही. वेल वाढतो, फुलं भरपूर येतात, फळ धरत नाही. यांना बाहेरचा मांडवच बरा. टमाटर, मिरची, वांग्याला आतही फळ धरतं. फुलं आली की सकाळी झाड हलकं हलवायचं, एवढंच.

पांढरी माशी जाळीच्या भोकांतूनही शिरते, आणि दारातून व आपल्या कपड्यांवरूनही. आत पिवळे चिकट सापळे टांगा, आणि आधी आतलं काम करून मग बाहेरच्या रोगट झाडांकडे जा, उलटं नको. काही बिघडलं तर पान पिशवीत घालून सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला दाखवा, किंवा साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. दुकानदाराच्या अंदाजाने फवारू नका, घरातली लेकरं तीच भाजी खाणार आहेत.

आता पैशाचं

आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा किट, पाया आणि आतलं सामान मिळून १६,००० रुपये लागले. विक्रेता म्हणतो, "रोपं विका, सहा महिन्यांत वसूल." करून पाहू.

दहा ट्रे म्हणजे ९८० रोपं. शंभर गेली, ८८० उरली. रोपाला एक रुपया धरला तर ८८० रुपये. बी आणि कोकोपीटचे ४०० वजा केले, हाती ४८०. नुसत्या रोपांवर १६,००० फेडायचे तर अशा ३४ खेपा लागतील. गावात वर्षाला चार खेपांचं गिऱ्हाईक मिळालं तरी पुष्कळ.

आता दुसरा हिशोब. घरची भाजी आठवड्याला १५० रुपयांची वाचली, तर ४० आठवड्यांचे ६,०००. उन्हाळ्याचे १२ आठवडे २०० रुपयांची पालेभाजी विकली, २,४००. रोपांच्या चार खेपा, १,९२०. एकूण १०,३२०. त्यातून वर्षाचं खत-बियाणं १,५०० वजा. राहिले ८,८२०. म्हणजे दोन वर्षांत पैसे निघतात. आणि यातले निम्म्याहून जास्त हातात येत नाहीत, ते वाचतात. हप्ता मात्र हातातल्या पैशातून जातो. हे घरच्यांनाही सांगा.

दहा महिन्यांची फेड ठरवलीत तर महिन्याला १,६०० मुद्दल आणि वर व्याज. ते जाळीतून निघणार नाही, तुमच्या मजुरीतून निघेल. म्हणून कर्ज मागताना गटात दोन गोष्टी मांडा : परतफेड दोन वर्षांची, आणि पहिला हप्ता दोन महिन्यांनी. मेथी महिन्याभरात निघते, वांग्याला दोन महिन्यांच्या वर लागतात. पिकाआधी हप्ता आला तर तो फेडायला दुसरीकडून उसने घ्यावे लागतात, आणि तिथूनच गाडी घसरते.

कर्ज नको असेल तर बांबूचा सांगाडा आहेच. जमिनीत जाणारं टोक डांबर किंवा जळालेल्या ऑइलमध्ये बुडवून घ्या, वर हीच जाळी टाका. बांबू दोन-तीन वर्षांत बदलावा लागेल, पण खर्च बराच कमी येतो. पहिल्यांदा करणाऱ्या ताईंना मी हेच सुचवते. जमलं, आवडलं, की मग लोखंडी घ्या. जाळी तीच चालते.

अनुदानाचं सगळ्या विचारतात. शेडनेटगृहाला एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करतात. पण ते शेतातल्या मोठ्या शेडनेटसाठी, ठरलेल्या मापाच्या सांगाड्यासाठी आणि पूर्वमंजुरीनंतर मिळतं. सांदवाडीतल्या छोट्या घराला ते मिळेल असं धरून कर्ज उचलू नका. आधी तालुका कृषी कार्यालयात विचारा, लेखी उत्तर घ्या.

शेवटचं

काम जानेवारी-फेब्रुवारीत उरका. मार्चच्या पहिल्या वावधनाआधी सिमेंट मुरलेलं असलं पाहिजे. गटात आधी एकीचं घर उभं करा, बाकीच्या चौघी मदतीला जा. दुसऱ्या घराला तुम्हाला माहितीपत्रक लागणार नाही, तिसऱ्याला मी लागणार नाही. लग्नाचा मांडव घालायला आपण कधी फिटर बोलावला होता का?

आखणीच्या दिवशी मात्र मला निरोप द्या. कर्ण मोजायला मी येते. आणि त्या दिवशी संध्याकाळी कुणी जाळी चढवायला काढली, तर वाटेत मीच उभी राहीन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, शहापूर